शालूची सायकल आणि कोसबाडचा उतार

डहाणूला लोक हवा बदलायला जातात. मीही निघाले तेव्हा घरी तेच सांगितलं होतं. टायफॉईडमधून उठले होते, डॉक्टरांनी समुद्राची हवा सुचवली होती, आणि सासूबाईंनी "जा बाई, पण उन्हात हिंडू नकोस" म्हणून परवानगी दिली होती. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मी पुण्याहून निघाले ती हवेसाठी नव्हे. शालूला नवी सायकल मिळाली होती आणि तिला ती चालवता येत नव्हती, म्हणून निघाले.

शालू माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. डहाणूजवळ आगरला तिच्या भावाची चिकूची वाडी आहे, तिथे ती राहायची. तलासरीच्या बाजूला पाड्यापाड्यांवर लहान मुलांच्या शाळा चालवणारी एक संस्था आहे. तिथे वेवजी गावची शिक्षिकेची जागा रिकामी झाली होती. वेवजीचे पाडे असे विखुरलेले की एका बाईने पायी फिरून ते आटोपणं शक्य नाही. म्हणून संस्थेने सायकल दिली आणि सोबत अटही घातली. येत्या सोमवारी संस्थेच्या मोठ्या बाई वेवजीला येणार होत्या. शालूने तिथे सायकलवरून हजर व्हायचं. नाही जमलं तर वेवजी आणि सायकल दोन्ही एका मास्तरांकडे जाणार होती, कारण त्यांना सायकल येत होती. शालूला ही जागा हवी होती. भावाच्या घरी जन्मभर चिकूच्या करंड्या भरत बसायचं नसेल तर तिच्यापुढे दुसरं काही नव्हतं.

आता माझ्याबद्दल. माझ्या वडिलांचं पुण्यात सायकलचं दुकान. पोळी लाटायच्या आधी मी पंक्चर काढायला शिकले. कॉलेजात मी सायकलवरून जायची आणि शालू पायी यायची, कारण तिला मागे कॅरियरवर बसायचीसुद्धा भीती वाटायची. मग माझं लग्न झालं. सासरी सुनांनी सायकल चालवायची पद्धत नाही. कोणी रागावलं नाही, कोणी काही बोललंही नाही. परकर-पोलकं सुटलं तशी सायकलही सुटली. आणि आता जिला ब्रेक कुठला आणि घंटी कुठली ते ठाऊक नाही तिच्या दारात नवी कोरी लेडीज सायकल. मला हेवा वाटला. गाडीत बसल्यापासून वाटत होता. खिडकीतून ताडाची झाडं दिसायला लागली, बाहेरची हवा खारट झाली, तरी तो काही कमी झाला नाही.

आगर

स्टेशनापासून टांगा केला. रस्त्याच्या एका बाजूने सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो आणि दुसऱ्या बाजूने पिकल्या चिकूंचा. नवख्या माणसाला नाकाची कुठली बाजू उघडी ठेवावी कळत नाही. टांगेवाला वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत होता. त्या बाजूला माणूस मराठीत वाक्य सुरू करतो आणि गुजरातीत संपवतो, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटत नाही.

अंगणात गेले तर शालूचे मोठे भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणतात, हातात पाना घेऊन घामाघूम झालेले. मुंबईहून पार्सलने लाकडी पेटी आली होती. ती फोडून सायकलचे सगळे भाग त्यांनी चटईवर मांडले होते आणि डावं पायडल जोर लावून बसवत होते.

"थांबा दादा," मी म्हटलं. अजून चपलाही काढल्या नव्हत्या. "आटे जातील. डावं पायडल उलटं फिरवायचं."

"उलटं फिरवून कधी काही बसतं का?"

"डावं पायडल बसतं."

त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि ते नारळाच्या सावलीत जाऊन बसले. बाईमाणसाने पाना धरलेला त्यांना आवडला नसावा, पण पायडल बसलेलं त्यांना दिसलं.

ती दुपार मी विसरणार नाही. एकेक भाग तेलकट कागदातून सोडवायचा आणि लावायचा. छऱ्यांना ग्रीस भरलं. चाकं बसवली. चाक फिरवून रिमजवळ खडू धरला, जिथे खडू घासला तिथे समोरच्या बाजूचे स्पोक आवळले, पुन्हा फिरवलं, पुन्हा आवळले. वडील म्हणायचे, चाक सरळ फिरायला लागलं की त्याकडे बघून झोप येते. तशी झोप मला त्या दिवशी येत होती, आणि पोटात दुखतही होतं. इतकं सुंदर चाक, आणि दुसरीचं.

"ही जाळी कशाला गं?" शालूने मागच्या चाकावरची जाळी उचलून विचारलं.

"तुझी साडी चाकात जाऊ नये म्हणून."

"अगंबाई, किती विचार करतात."

तिच्यासाठी किती विचार करतात, असं माझ्या मनात आलं. माझ्या जुन्या सायकलला जाळी नव्हती. मी साडीचा ओचा वर खोचून चालवायची आणि तरी दोन साड्या फाडून घेतल्या होत्या.

जेवायला उकडहंडी होती. वाल-पापडी, कंद, शेंगा, सगळं मडक्यात घालून शिजवलेलं. सोबत तांदळाची भाकरी. पुण्यात भाज्या वेगवेगळ्या करतात आणि वेगवेगळ्या वाढतात. इथे सगळ्यांना एका मडक्यात घालतात आणि त्या आपसात समजूत करून घेतात. मी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी सायकल उभी राहिली. पुण्यात नवी सायकल घेतली तर शेजारी मान वळवत नाहीत, इथे निम्मं आगर बघायला आलं. दादांनी नारळ फोडला, हँडलला हार घातला. पहिली फेरी मी मारून बघते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दादा म्हणाले, "पहिली मालकीण बसेल. तशी रीत आहे." मग शालू बसली. चौघांनी धरलं होतं, ती डोळे मिटून बसली होती, आणि मी मागून कॅरियर धरून चालत होते. माझ्या हाताने जोडलेली सायकल, आणि माझ्या वाट्याला कॅरियर.

शिकवायला जागा मात्र फार चांगली होती. ओहोटीला समुद्र लांब जातो आणि मागे टणक, ओली वाळू राहते. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये कोणी नाही. पुण्याच्या रस्त्यावर शिकणारा माणूस पडला की गुडघा फुटतो, इथे पडला की नुसता ओला होतो. शालू दिवसभर ओलीच असायची. डावा पाय पायडलवर, उजव्याने ढकल, मग बस. ब्रेक लावताना आधी मागचा, मग पुढचा. नुसता पुढचा दाबलास तर हँडलवरून पलीकडे जाशील. मी ओरडून ओरडून सांगायची. शालू म्हणाली, "कुसुम, तू रागावल्यासारखी शिकवतेस."

"शिकवताना असंच बोलतात," मी म्हटलं. पण तिचं खरं होतं. तिने एकदा वळण चांगलं घेतलं तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या खाली राग होता.

चार दिवसांत ती बसायला, वळायला आणि थांबायला शिकली. रोज परतल्यावर आम्ही सायकल विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचो, पुसायचो, चेनला तेलाचे थेंब सोडायचो. समुद्राचं पाणी लोखंडावर राहिलं की गंज धरतो. हे सगळं कुंपणापलीकडून जानीमावशी बघायची. तिच्या घरच्या दोन होड्या. नवऱ्याने आणलेली मासळी ती डहाणूच्या बाजारात विकायची आणि शालूवर तिचा लहानपणापासून जीव. शालू लांब वेवजीला जाणार म्हणून ती हळवी झाली होती.

रविवारी पहाटे आम्ही निघायच्या आधी मावशीने आपलं प्रेम दाखवून दिलं. मी अंगणात आले तर सायकल नखशिखान्त चमकत होती, आणि माशाच्या तेलाचा असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. तिकडे नवी होडी पाण्यात लोटण्याआधी तिला माशाचं तेल पाजतात. एकही सांधा कोरडा ठेवत नाहीत. मावशीने आणि तिच्या सुनेने सायकललाही तेच केलं होतं. दांडा, स्पोक, रिम, टायर, घंटीच्या आतसुद्धा.

"अगं मावशी, काय केलंस हे?"

"खाऱ्या वाऱ्यावर लोखंड टिकतंय का बाय? सुक्या लाकडाला तेल पाजलं का समुद्र काय करत नाय. ही तर पोरीला घेऊन एकटी जानार."

तिच्या कपाळाला घाम आला होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखले होते. मी गोणपाट घेऊन रिम आणि टायर पुसून काढले. ब्रेकचे रबर पुसायचं माझ्या ध्यानात आलं नाही. सायकलवाल्याची मुलगी म्हणवून घेते, आणि ध्यानात आलं नाही.

कोसबाड

दादांची बैलगाडी चिकूची कलमं आणायला वेवजीच्या वाटेवरच्या कोसबाडला निघाली होती. तिच्यात सायकल आडवी बांधली आणि आम्ही दोघी बसलो. वाटेत दर गावात एखादं मांजर गाडीमागे धावायचं. एक बोका तर बराच वेळ आला. गाडीवान बाबू म्हणाला, "बाई, मासली कुठं लपवली सांगा, त्याला देऊन टाकू."

कोसबाड टेकडीवर आहे. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं की समुद्र दिसतो आणि पुढे पाहिलं की तलासरीकडची कापणी झालेली शेतं. मधूनमधून ताड, त्यांच्या गळ्यात मडकी अडकवलेली. आम्ही दादांच्या ओळखीच्या घरी उतरलो. काम मिळालं तर शालू तिथेच खोली घेऊन राहणार होती. घरची माणसं शांत आणि अगत्याची. सोमवारी सकाळी ताजी नीरा मिळाली. पुण्यातही नीरा मिळते, पण ती पिताना आपण औषध घेतोय असं वाटतं. इथे मी तीन भांडी प्यायले. सायकलभोवती मांजरं गोल करून बसली होती, त्यांना उठवून आम्ही निघालो.

टेकडीच्या पलीकडच्या बाजूला लांब उतार आहे. वरून तो असा दिसला की माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. इतकी वर्षं मी असा उतार पाहिला नव्हता. पाहिले असतील, पण पायी चालताना उताराचं काय एवढं?

"आधी मी ब्रेक तपासून बघते," मी शालूला म्हटलं. "तू चालत ये."

ब्रेक तपासायला एवढा उतार लागत नाही. अंगणात ढकलून दाबला तरी कळतं. मला तो उतार हवा होता. तो तिच्या आधी हवा होता. उद्यापासून रोज तिचाच असणार होता, मग एकदा मला का नको?

मी बसले. पहिले काही क्षण काय सांगू! कानाशी वारा, पदर फडफडतोय, पायडल न मारता सायकल आपणहून चाललेली. मी मोठ्याने हसले. मग वळण दिसलं म्हणून मागचा ब्रेक दाबला. सायकल तशीच चालली. पुढचाही दाबला. रबर रिमवर नुसते सुळसुळ घसरत होते. मावशीचं तेल ब्रेकच्या रबरात पुरतं मुरलं होतं, आणि रिम त्याने पुन्हा माखत होती. मागून शालूची हाक ऐकू आली. चप्पल जमिनीवर घासली तर चप्पल गेली. वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि मी सरळ गेले. बांध, मग शेत, मग भाताच्या पेंढ्याची उडवी. उडवीत सायकल घुसली आणि मी तिच्यावरून पलीकडे पडले.

उतरणीखाली

शेताच्या कडेला एक झोपडी होती. तिथून एक बाई धावत आली. तिचं नाव लाडकी, हे नंतर कळलं. तिने मला उठवलं, केसांतला पेंढा काढला आणि मग सायकलजवळ जाऊन वास घेतला.

"मासली हाय यात?"

"नाही गं. तेल आहे."

माझा गुडघा सोलवटला होता आणि बघता बघता सुजला. पाय टेकवत नव्हता. सायकलचं हँडल फिरलं होतं, बाकी शाबूत. शालू धावत, रडत पोचली. मी तिला पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरायला लावलं आणि हँडल ओढून सरळ करायला सांगितलं. लाडकीच्या चुलीतली राख मागून घेतली. ती रिमला चोळली, रिम धुतली, पुन्हा चोळली. ब्रेकचे रबर काढले आणि वरचा थर निघेपर्यंत दगडावर घासले. मग लावून बघितले. सायकल ढकलली आणि ब्रेक दाबला तर जागच्या जागी थांबली.

"जा आता," मी म्हटलं. "इथून पुढे रस्ता सपाट आहे."

शालू हलली नाही. ती खाली बसली. "मी नाही जाणार. तुझं हे असं झालं, मग माझं काय होईल? जाऊ दे ती जागा. घेऊ देत मास्तरांना."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. म्हणजे आता दोघींकडेही सायकल नसणार, पूर्वीसारखं. पण मग मास्तर आठवले. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. पण धोतराला क्लिप लावलेले, माझ्या हाताने आवळलेल्या चाकांवर ऐटीत बसून वेवजीला निघालेले मास्तर मला स्पष्ट दिसले, आणि माझं डोकं फिरलं. शालूबद्दल वाटला नव्हता इतका हेवा त्या अनोळखी माणसाबद्दल वाटला.

"त्या मास्तराला?" मी म्हटलं. "मी जोडलेली सायकल? ऊठ. साडी खोच. आधी मागचा ब्रेक. बैलगाडी दिसली तर उतरून उभी राहा, लाज वाटून घेऊ नकोस. आणि रडायचं असेल तर उतरून रड, चालवताना दिसत नाही."

माझ्या हेव्याने त्या दिवशी पहिल्यांदा काही उपयोगाचं काम केलं. शालूने डोळे पुसले, डावा पाय पायडलवर ठेवला, ढकललं आणि बसली. थोडी डुगडुगली. मग सरळ झाली आणि गेली.

मी लाडकीच्या ओट्यावर बसले. तिने गुडघ्याला कसलासा पाला वाटून बांधला आणि नाचणीची भाकर, मिरची दिली. ती खाताना मी रस्त्याकडे बघत होते. सायकल पडली असेल का, बैल बुजला असेल का, ती वेळेत पोचली असेल का. पोचली नसेल तर चूक माझी, ही गोष्टही भाकरीबरोबर गिळावी लागत होती. उतार मला हवा होता म्हणून तिची सकाळ वाया गेली होती.

"ती तुझी सायकल?" लाडकीने विचारलं.

"नाही, तिची."

"तुजी कां नाय?"

"माझ्या सासरी बायका सायकल चालवत नाहीत."

"आन् तिला सासर नाय?"

"नाही."

लाडकी उठली. "म्हंजे एकीला सासर भेटला, एकीला सायकल," ती म्हणाली, आणि पेंढ्याची मोडलेली उडवी रचायला निघून गेली. मी पुण्याला मागे राहिलेल्या आपल्या नवऱ्याची, मुलाची आठवण काढली. दोघेही मला फार प्रिय आहेत. तरीही मी बराच वेळ रस्त्याकडेच बघत होते.

उन्हं कलल्यावर घंटी ऐकू आली. घंटीच्या आत अजून तेल असल्यामुळे ती जड वाजत होती. शालू आली, ब्रेक लावला, उतरली आणि उतरताना पडली. पडल्या पडल्या म्हणाली, "मिळालं."

मोठ्या बाईंनी तिला विचारलं होतं, उताराची भीती वाटली नाही का? ही म्हणाली, उताराची भीती माझ्या मैत्रिणीने सकाळीच काढून टाकली. मग त्यांनी तिला सगळ्या पाड्यांवर फिरवलं. मुलं सायकलमागे धावत होती आणि मांजरंसुद्धा. ती बोलत होती, हातवारे करत होती, धुळीने तोंड लाल झालं होतं. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. मी तिला मिठी मारली. मिठी मारतानाही हेवा होताच, पण आनंद त्याच्याहून मोठा होता, एवढं मला कळत होतं.

परत

संध्याकाळी बाबूने मला गाडीतून वर कोसबाडला आणलं. दुसऱ्या दिवशी दादांची गाडी कलमं घेऊन डहाणूला परतणार होती आणि मला तिच्यातून जायचं होतं. शालूचा तो कामाचा पहिला दिवस. सकाळी मी तिला हवा भरायला लावली, चेन तपासायला लावली. महिन्यातून एकदा स्पोक बघ, पावसात चालवलीस तर पुसून ठेव, आणि जानीमावशीने पुन्हा तेल पाजायचं म्हटलं तर ब्रेकला हात लावू देऊ नकोस. ती हो हो म्हणत होती.

"एकदा अंगणात फेरी मारू का?" मी विचारलं.

शालूने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "नको कुसुम. तुझा पाय बघ कसा झालाय. आणि मला उशीर होईल." तिने हँडल धरून ठेवलं होतं. ते बरोबरच होतं, तिच्या जागी मी असते तर मीही धरून ठेवलं असतं.

दोन रस्ते फुटतात तिथपर्यंत ती गाडीच्या बाजूने हातात सायकल धरून चालत आली. मी कलमांच्या मध्ये पाय लांब करून बसले होते. आमची गाडी समुद्राकडे वळली. तिने डावा पाय पायडलवर ठेवला, ढकललं, बसली, आणि वेवजीच्या बाजूला निघाली. आज ती डुगडुगली नाही. मी हात वर करून तसाच धरला. ती उतारापाशी पोचली, मागचा ब्रेक लावलेला मला इथून कळला, आणि मग तिचं डोकं, तिचा अंबाडा खाली खाली जाऊन दिसेनासा झाला.

तिने वळून पाहिलं नाही. नव्या माणसाने सायकलवर मागे वळून बघू नये, हँडल फिरतं आणि माणूस पडतो. हे माझ्याइतकं कोणाला कळत असणार? तरी तिने एकदा बघायला हवं होतं.